घरी बांधलेल्या विमानात इलेक्ट्रॉनिक कंट्रोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शेड पारोळ्याच्या बाहेर, धुळे-जळगाव रस्त्यापासून आत शेतात आहे. पुढच्या भागात माझं विजेच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे जळलेलं वाइंडिंग नव्याने गुंडाळण्याचं काम चालतं. मागच्या भागात लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर एका छोट्या विमानाची शेपटी, स्टिक आणि बसायची खुर्ची बसवलेली आहे. जळलेली मोटार घेऊन आलेले शेतकरी, इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आणि हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका, सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच नीट लिहून ठेवतो.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोल म्हणजे नेमकं काय?

साध्या विमानात पायलटच्या हातातली स्टिक आणि पंखाच्या कडेचा हलणारा भाग यांच्यात लोखंड असतं. पुशरॉड (ढकलणारी दांडी), केबल, पुली, बेलक्रँक (जोराची दिशा वळवणारा कोनी हात) आणि केबलचा ताण बसवायला टर्नबकल. सायकलच्या ब्रेकची तार जशी हाताचा जोर चाकापर्यंत नेते, तसंच हे.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत स्टिकच्या बुडाला सेन्सर असतो. स्टिक किती अंशांत हलली ते तो मोजतो, संगणक त्यावरून हिशेब करतो आणि शेपटीजवळचा सर्वो (सांगितल्या जागेपर्यंत फिरून थांबणारी मोटार) एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा भाग, हलवतो. मधलं लोखंड पूर्ण काढून टाकलं की त्याला फ्लाय-बाय-वायर म्हणतात.

पण या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही आहे. विजेवर चालणारा ट्रिम (स्टिकवरचा जोर हलका करणारी सोय) आणि फ्लॅप (कमी वेगात उडायला पंखामागून खाली येणारा भाग) ही पहिली पायरी. जुन्या केबलला हात न लावता तिच्या जोडीला बसवलेला ऑटोपायलटचा सर्वो ही दुसरी. लोखंड काढून टाकणं ही तिसरी. माणूस बसणाऱ्या विमानासाठी आम्ही पहिल्या दोन पायऱ्यांवरच काम करतो. तिसरी पायरी फक्त शेडमधल्या सांगाड्यावर आणि मॉडेल विमानावर. माणसाच्या विमानातली केबल कापू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

हे आधी कुणी केलं?

काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानात कंट्रोलसाठी विजेचे अ‍ॅनालॉग सिग्नल होते आणि ते १९६९ साली उडालं. डिजिटल संगणकावर पहिलं काम नासाने केलं. २५ मे १९७२ रोजी त्यांचं एफ-८ क्रूसेडर विमान उडालं. त्यात चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाचाच संगणक बसवला होता आणि यांत्रिक जोडणी काढून टाकली होती. त्या एका डिजिटल संगणकाच्या पाठीशी मात्र तीन अ‍ॅनालॉग वाहिन्या, म्हणजे सिग्नलच्या स्वतंत्र वाटा, राखीव होत्या. नासालासुद्धा एका संगणकावर जीव टाकायचा नव्हता, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

प्रवासी विमानांत डिजिटल फ्लाय-बाय-वायर आणलं एअरबस ए-३२० ने. पहिलं उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७. आपलं तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडालं. त्याची रचनाच मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे, त्यामुळे संगणकाशिवाय ते हवेत राहूच शकत नाही. म्हणून त्याच्या कंट्रोलला चार समांतर वाहिन्या आहेत. उडण्याआधी तेजसची ही यंत्रणा बंगळुरूमध्ये जमिनीवरच्या सांगाड्यावर तपासली गेली. अशा सांगाड्याला आयर्न बर्ड म्हणतात. आमच्या शेडमध्ये उभा आहे तो त्याचाच गरीब भाऊ.

खानदेशात विमान? इथे कुणी ऐकलंय का असलं काही?

ऐकलंय, आणि पाहिलंय. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. गच्चीपासून धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीपर्यंतच्या या प्रवासाला किती वर्षं लागली आणि किती कागद लागले, हे विमान बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. धुळ्याला आणि शिरपूरला वैमानिक घडतात, जळगावला विमानतळ आहे. आकाश आपल्याकडे वर्षातले आठ महिने स्वच्छ असतं. त्यामुळे खानदेशाला हे काम परकं नाही.

छोट्या विमानाला याची गरज तरी आहे का?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाही. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेची अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत, आणि ती पुशरॉड-केबलवरच उडतात. दोन माणसांच्या विमानात पुशरॉड हलका पडतो, स्वस्त पडतो, वीज मागत नाही, आणि खराब व्हायला लागला की आवाज करून, ढिला पडून आधी कळवतो. इलेक्ट्रॉनिक्स तसं कळवत नाही. काल चालत होतं, आज बंद.

मग आम्ही हे का करतो? ऑटोपायलटमुळे एकट्या पायलटवरचा ताण कमी होतो. वेग फार खाली गेला तर स्टिकला हलका धक्का देऊन सावध करणारी यंत्रणा जीव वाचवू शकते, कारण छोट्या विमानांच्या अपघातांत वळताना वेग पडून कोसळणं हे जुनं दुखणं आहे. ज्याच्या पायात ताकद नाही त्याला रडर (पायाने चालणारा, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) चालवता यावा, हाही एक हेतू आहे. आमच्या गटातल्या एकाला लहानपणी पोलिओ झाला होता. मागच्या भागातली ती खुर्ची पहिल्यांदा त्याच्यासाठी बसवली.

तुम्ही केबल कापू नका म्हणता. ती ठेवायची असेल तर प्रयोग कसला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथे थोडा थांबतो.

सर्वो तीन प्रकारे बिघडतो. एक, असेल तिथे अडकतो. दोन, एका टोकाला जाऊन तिथेच दाबून धरतो. तीन, मोकळा सुटतो आणि एलिव्हेटर वाऱ्यावर फडफडायला लागतो. मोटारीचं काम करणाऱ्याला हे तिन्ही माहीत आहेत: बेअरिंग जाम, कॉन्टॅक्टर चिकटला, कपलिंग तुटलं. शेतात मोटार बंद पडली तर पाणी उशिरा मिळतं. हवेत तेवढा वेळ नसतो.

जुनी केबल जागेवर असेल तर या तिन्हींवर पायलटकडे उत्तर असतं. बाजारात मिळणारे घरगुती विमानांचे ऑटोपायलट सर्वो असेच बनवलेले असतात. त्यांच्यात घसरणारा क्लच किंवा ठरावीक जोराला तुटणारा पितळी स्क्रू असतो. सर्वो अडला तरी पायलट हाताने जोर लावून त्याच्यावर मात करतो. स्टिकवर एक बटण असतं, ते दाबलं की सर्वोची वीज जाते. आम्ही प्रत्येक चाचणीआधी हे दोन्ही करून बघतो: बटण दाबून, आणि बटण न दाबता नुसत्या हाताच्या जोराने.

बसवताना एक चूक बरेच जण करतात. सर्वोचा हात पुशरॉडला जोडताना तो पूर्ण प्रवासात कुठेही सरळ रेषेत येऊन पलीकडे उलटा पडता कामा नये. उलटा पडला तर स्टिक कायमची अडकते, आणि क्लचही त्यातून सोडवत नाही. म्हणून स्टिक दोन्ही टोकांपर्यंत नेऊन, शेपटीचं झाकण उघडून, टॉर्च मारून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ए-३२० मध्येसुद्धा रडर आणि शेपटीच्या ट्रिमला यांत्रिक जोडणी ठेवली होती, आणि त्या विमानात कंट्रोलचे सात संगणक होते. ते बनवणाऱ्यांनी लोखंड ठेवलं, तर आपण कशाला काढायचं?

पहिला प्रयोग कशावर करू?

विजेच्या ट्रिमवर. ट्रिम टॅब म्हणजे एलिव्हेटरच्या मागच्या कडेला लागलेली छोटी पट्टी. ती सारली की स्टिकवरचा जोर हलका होतो. तिला हलवणारी मोटार लहान, वायर दोन-चार, आणि शिकायला मात्र सगळं मिळतं.

त्यातला धोका म्हणजे स्विच किंवा रिले चिकटून ट्रिम धावत सुटणं. त्यावर चार गोष्टी हव्यात. टॅब एवढाच मोठा ठेवा की तो पूर्ण टोकाला गेला तरी पायलटला एका हाताने विमान धरता येईल. मोटारीचा वेग कमी ठेवा. सर्किट ब्रेकर डोळे मिटून हाताला लागेल अशा जागी ठेवा. आणि स्टिकवरच्या बटणाला वेळेचं बंधन घाला, सलग काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ सिग्नल आला तर मोटार थांबलीच पाहिजे. पाण्याच्या मोटारीला आपण ड्राय-रन कट (पाणी संपलं की मोटार बंद करणारा) लावतो, त्याच विचाराने.

सर्वो किती ताकदीचा घ्यावा? ऑनलाइन २० किलोचा मिळतो, तो चालेल का?

माणूस बसणाऱ्या विमानाच्या एलिव्हेटरला अजिबात नाही. हिशेब करून दाखवतो.

हवेचा दाब म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनता १.१ धरा, वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. दाब येतो सुमारे १३७५ पास्कल. एलिव्हेटरचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, त्याची रुंदी पाव मीटर, आणि बिजागरीचा गुणांक ०.१ धरला, तर बिजागरीवर सुमारे १७ न्यूटन-मीटर पिळ पडतो. हॉबी सर्वोच्या भाषेत तो १७५ किलो-सेंटिमीटर होतो. तुमचा सर्वो २० चा आहे. आणि वेग दुप्पट झाला तर हा आकडा चौपट होतो.

आम्ही सांगाड्यावर हे असं तपासतो: एलिव्हेटरच्या बिजागरीला पाव मीटरचा लोखंडी हात जोडलेला आहे, आणि त्याच्या टोकाला ७ किलो ज्वारीची पिशवी टांगतो. तेवढ्याने बरोबर १७ न्यूटन-मीटर होतात. सर्वो ती पिशवी हजार वेळा वरखाली करतो आणि आम्ही दर शंभर फेऱ्यांनी त्याच्या अंगाला थर्मामीटर लावतो. पहिला सर्वो दोनशेच्या आतच हात लावता येणार नाही इतका तापला होता.

ताकदीइतकाच महत्त्वाचा आहे प्ले. सर्वोच्या गिअरमध्ये, बोल्टच्या भोकात, हाताच्या टोकाला जो थोडाथोडा ढिलेपणा असतो, तो मिळून एलिव्हेटरच्या कडेला काही मिलिमीटर होतो. केबलच्या विमानात ताण आणि वजनाचा समतोल हे सांभाळून घेतात. ढिल्या सर्वोवरचा एलिव्हेटर ठरावीक वेगाला फडफडू लागला की काही सेकंदांत बिजागरी उपटू शकतो. याला फ्लटर म्हणतात. म्हणून आपल्या विमानाच्या आराखड्यात सांगितलेलं, एलिव्हेटरच्या पुढच्या बाजूचं समतोल वजन सर्वो बसवला म्हणून कधीही काढू नका.

ड्रोनचा कंट्रोलर बोर्ड बसवला तर?

मॉडेल विमानावर जरूर बसवा. आर्डुपायलट आणि पीएक्स-४ ही खुली सॉफ्टवेअर आहेत आणि शिकण्यासाठी यासारखी शाळा नाही. संगणकावर नकली उडाण करून बघायची सोयही त्यांच्यात आहे, एक्स-प्लेन या संगणकावरच्या विमान-खेळाला जोडूनही चालतात. आमच्या गटातली दोन मुलं शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी महिनाभर घरच्या लॅपटॉपवरच विमान पाडत होती, आणि त्यांना मला सगळ्यात कमी शिकवावं लागलं.

माणसाच्या विमानात तो बोर्ड कंट्रोलचा एकमेव मालक म्हणून बसवू नका. बोर्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्यावर बहुधा एकच मुख्य प्रोसेसर आणि एकच सॉफ्टवेअर असतं, एवढंच कारण पुरेसं आहे.

मॉडेल उडवण्याआधी एक तपासणी विसरू नका. स्टॅबिलायझर (विमान आपोआप सरळ ठेवणारी सोय) चालू करून मॉडेल हातात धरा आणि उजवा पंख उचला. उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वर गेलं पाहिजे. खाली गेलं तर सॉफ्टवेअरमधलं एक चिन्ह उलटं आहे आणि विमान सुटताक्षणी उलटं होणार. स्टिकच्या बाबतीतही तसंच: स्टिक मुठीत धरून अंगठा सरळ वर ठेवा. स्टिक ज्या बाजूला नेली त्या बाजूला अंगठा कलतो, आणि त्याच बाजूचं एलेरॉन वर दिसलं पाहिजे.

एक संगणक पुरे की तीन हवेत?

आमच्याकडे एका शेतकरी आबांनी याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं दिलं. त्यांनी सांगाडा बघितला, वायरी बघितल्या आणि म्हणाले, "पोरा, वायर तुटनी ते काय करशी?" मी म्हणालो, दुसरा संगणक आहे. ते म्हणाले, दोघं वेगवेगळं बोलायला लागले तर खरं कोण बोलतोय ते तुला कोण सांगणार?

नेमका हाच मुद्दा. दोन संगणक असतील तर भांडण कळतं, खोटा कोण ते कळत नाही. तेव्हा दोघांना बंद करून हातावर येणं एवढाच मार्ग उरतो, आणि केबल शाबूत असेल तर तो मार्ग उत्तम आहे. तीन असतील तर दोघांचं मत धरून तिसऱ्याला बाजूला करता येतं. पण तिघांत एकच सॉफ्टवेअर असेल तर एकाच चुकीने तिघंही एकदम चुकतात, आणि मतदानाला अर्थ राहत नाही. ए-३२० मध्ये म्हणूनच दोन वेगळ्या जातींचे प्रोसेसर आणि वेगवेगळं लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरलं.

सेन्सरलाही हाच नियम लावा. बोईंग ७३७ मॅक्समध्ये समोरून येणारी हवा विमानाला किती कोनात लागते ते सांगणाऱ्या एकाच सेन्सरच्या शब्दावर यंत्रणा शेपटीचा ट्रिम फिरवत होती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन विमानं पडली आणि ३४६ माणसं गेली. हे लिहिताना आजही हात जड होतो. आपल्या छोट्या प्रयोगात एका पोटेन्शिओमीटरवर (स्टिकचा कोन मोजणाऱ्या साध्या सेन्सरवर) कुणाचा जीव टांगण्याआधी हा आकडा आठवावा.

वीज गेली तर?

दोन बॅटऱ्या, दोन वेगळे फ्यूज, दोन वेगळ्या वाटांनी नेलेल्या वायरी. एक वायर डाव्या बाजूने, दुसरी उजव्या बाजूने, म्हणजे एका ठिकाणी घासून तुटली तर दुसरी वाचते. दोन्ही पुरवठे डायोडमधून एकत्र आणले की एकाची बॅटरी बसली तरी दुसरीतला करंट उलटा त्यात जात नाही.

पण पूर्ण वीज जाण्यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे वीज क्षणभर खाली येणं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी सांगाड्यावर चाचणी चालू होती. ज्वारीची पिशवी टांगलेली, मी खुर्चीत. स्टिक झटक्यात ओढली. सर्वोने सुरुवातीलाच मोठा करंट खेचला, ५ व्होल्टची लाइन दबली आणि कंट्रोलर बोर्ड रिस्टार्ट झाला. बोर्डवरचा हिरवा दिवा विझून पुन्हा लागायला तीन सेकंद लागले. त्या तीन सेकंदांत एलिव्हेटर पिशवीच्या वजनाने पूर्ण खाली जाऊन टोकाला आपटला आणि मी स्टिक ओढूनच धरली होती. जमिनीजवळच्या विमानात ते तीन सेकंद शेवटचे ठरले असते. त्या दिवसानंतर सर्वो आणि संगणक यांचा वीजपुरवठा आमच्याकडे कधीच एक नसतो, आणि रिस्टार्ट झाल्यावर बोर्ड आधीची स्थिती आठवून लगेच सुरू होतो की नाही हे आम्ही मुद्दाम वायर उपटून बघतो.

स्टिकला हवेचा जोर लागत नाही, त्याने काय बिघडतं?

केबलच्या विमानात वेग वाढला की स्टिक जड होते. पायलटचा हात वेग ओळखतो. स्प्रिंग लावलेल्या इलेक्ट्रॉनिक स्टिकला ताशी १०० आणि ताशी २०० सारखेच वाटतात. वेग दुप्पट झाला की एलिव्हेटरचा परिणाम चौपट होतो, म्हणून संगणकाने वेग बघून स्टिकचा परिणाम कमी करावा लागतो. तो वेग पिटो नळीतून (समोरच्या हवेचा दाब मोजणाऱ्या नळीतून) घ्या, जीपीएसवरून नको. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो. पंखाला जाणवते ती हवा.

दुसरं दुखणं उशिराचं. पायलट स्टिक हलवतो, एलिव्हेटर थोडा मागून येतो, पायलटला वाटतं कमी पडलं, तो आणखी ओढतो, तेवढ्यात पहिला परिणाम येतो, मग तो उलटा ढकलतो. झोपाळ्याला चुकीच्या वेळी ढकलावं तसं विमान वरखाली झुलायला लागतं. स्वीडनचं ग्रिपेन याच कारणाने १९८९ मध्ये उतरताना आणि १९९३ मध्ये स्टॉकहोममध्ये प्रदर्शनात पडलं. तिथे सर्वोच्या वेगाची मर्यादा आणि कंट्रोलचे नियम एकमेकांत अडकले होते. अमेरिकन लष्करी मापदंडात चांगल्या विमानासाठी हा एकूण उशीर ०.१ सेकंदाच्या आत सांगितला आहे.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मोबाइलवर स्लो मोशन २४० फ्रेमला लावा आणि स्टिक व एलिव्हेटर दोन्ही एका चौकटीत दिसतील असा मोबाइल ठेवा. स्टिक टकटक हलवा आणि नंतर फ्रेम मोजा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंद. आमच्या पहिल्या व्हिडिओत ३८ फ्रेम आल्या, म्हणजे १५८ मिलिसेकंद. शोधलं तर थोडा उशीर सर्वोच्या ५० हर्ट्झ सिग्नलमध्ये होता आणि बराचसा सिग्नल गुळगुळीत करायला लावलेल्या फिल्टरमध्ये. फिल्टर हलका केला, जलद सर्वो लावला, आकडा १९ फ्रेमवर आला.

खानदेशच्या उन्हात हे टिकतं का?

टिकवावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या विमानाच्या काचेखाली त्याहून कितीतरी जास्त. साध्या दर्जाची चिप ७० अंशांपर्यंतची असते, औद्योगिक दर्जाची ८५ पर्यंतची. थोडे पैसे जास्त गेले तरी औद्योगिक दर्जाच घ्या. मोटारीच्या इन्सुलेशनचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं, हे माझ्या धंद्यातलं पहिलं गणित. सर्किटवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंही तेच. लिथियम पॉलिमर बॅटरी काचेखाली ठेवू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट उन्हाला जास्त सोसते.

उन्हाचा दुसरा परिणाम हवेवर होतो. आपल्याकडची जमीन समुद्रसपाटीपासून ८०० फुटांच्या आसपास. पण ४५ अंशांत हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेचार हजार फुटांवर आहोत असं वाटतं. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. म्हणून आमच्या मॉडेलच्या चाचण्या सकाळी साडेनऊच्या आत उरकतात.

आणि कुंभारीण माशी! पिटो नळीचं भोक तिच्या घरट्याच्या मापाचंच असतं. आमच्या मॉडेलच्या नळीत एका दुपारीत तिने चिखल भरला होता. वेग शून्य दिसायला लागला आणि संगणक एलिव्हेटर भलताच जोरात हलवायला लागला, सुदैवाने जमिनीवरच. नळीला टोपी घाला आणि टोपीला हातभर लाल फडकं बांधा, म्हणजे उडताना ती काढायची राहणार नाही.

वायरिंगबद्दल काही सांगाल?

डाग देऊन जोडलेली वायर कंपनात तुटते, आणि तीही डागाच्या आत तुटत नाही. कथील वायरीच्या तारांत जिथपर्यंत चढतं, तिथे वायर कडक होते, आणि त्या कडेला ती वाकून वाकून जाते. आम्ही कंट्रोलची पेटी ट्रॅक्टरला बांधून तीन दिवस रोटाव्हेटरच्या कामाला पाठवली होती. परत आली तेव्हा बाहेरून सगळं ठीक होतं. वायर हलकेच ओढली तर ती हातात आली, आतल्या सगळ्या तारा एका रेषेत कापल्यासारख्या. आता सगळीकडे चांगल्या पंचाने दाबलेले लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे), लगच्या मागे वायरीला आधार आणि थोड्या थोड्या अंतरावर क्लॅम्प.

पीव्हीसी कोटिंगची घरगुती वायर वापरू नका. जळली की तिचा धूर डोळे आणि छाती जाळतो आणि छोट्या कॉकपिटमध्ये पळायला जागा नसते. विमानासाठी टेफझेल या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं कोटिंग असलेली वायर मिळते.

परवानगी कुणाची लागते?

माणूस बसणारं विमान असेल तर डीजीसीएची, म्हणजे केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची. बांधायला सुरुवात करण्याआधीच त्यांच्याकडे जा, कारण तपासणी बांधणीच्या टप्प्याटप्प्याला होते आणि झाकलेला सांधा नंतर कुणी मान्य करत नाही. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी नसताना धावपट्टीवर चाक उचलणं हा गुन्हा आहे. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे.

मॉडेलसाठी २०२१ चे ड्रोन नियम बघा. शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, २५ किलोपर्यंतचं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल हा त्यात वेगळा वर्ग आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं शेत कोणत्या रंगात येतं ते आधी पाहा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग २०० फुटांपर्यंतच असतो. धुळे, जळगाव, शिरपूरजवळच्यांनी हे मोजूनच घ्यावं.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काय घ्यावं?

पूर्ण विमान घेऊ नका. एक एलिव्हेटर, एक सर्वो, दोन सेन्सर आणि एक वजनाची पिशवी. विषय ठेवा: "एक सेन्सर खोटं बोलला तर काय होतं". त्यावर सहा महिने सहज जातील, आणि बाहेरच्या परीक्षकाला दाखवायला खरे आकडे असतील.

शेड बघायला यायचं असेल तर?

रविवारी सकाळी या, कपाशी वेचणीचे दिवस सोडून, कारण तेव्हा आमच्यातले निम्मे शेतात असतात. पायात बूट घाला, खाली लोखंडाचा कीस असतो. खुर्चीत बसवून तुमच्या हातात स्टिक देऊ, आणि मागून कुणीतरी न सांगता एक वायर काढेल. कोणती काढली ते शेपटीकडे बघून तुम्ही सांगायचं.